न्यूट्रल सुटल्यावर बंद पडलेला काँप्युटर: मदरबोर्ड बदलायच्या आधी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वळवाच्या पावसात लाइट गेली. परत आली तेव्हा पंखा एकदम जोरात फिरायला लागला, देवघरातला झिरोचा बल्ब भगभगून उडाला आणि मिनिटभरात पुन्हा अंधार. राउटरचा अडॅप्टर जळाला, स्टॅबिलायझरवरचा फ्रिज वाचला. दहाव्या जनरेशनचा आय-थ्री काँप्युटर आता बटण दाबलं की पंखा जेमतेम अर्धा फेरा हलवतो आणि गप्प होतो. दुकानदाराने न उघडताच 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगितलं. हार्ड डिस्कवर घरचे फोटो आणि दुकानाचे हिशेब आहेत, त्यांची दुसरी कॉपी नाही.

मदरबोर्ड गेलेला असूही शकतो. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून एवढ्यात तसं म्हणता येत नाही, आणि माझ्या मते आज तो बदलायला घेणं घाईचं होईल. नवा बोर्ड बसवलात आणि तोही त्याच संध्याकाळी गेला, अशी शक्यता तुमच्या घरात अजून जिवंत आहे. कारण सांगतो.

पंखा जोरात फिरला आणि बल्ब भगभगला, हा वीज कोसळल्याचा प्रकार नाही. वीज पडते तेव्हा दणका सेकंदाच्या अगदी बारीक अंशात येऊन जातो, पंख्याला वेग घ्यायलाही वेळ मिळत नाही. मिनिटभर व्होल्टेज चढलेलं राहतं ते बहुतेक वेळा न्यूट्रल सुटल्यामुळे. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी वीज वाटणाऱ्या पेटीवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात. वाऱ्याने न्यूट्रलची तार तुटली किंवा तिचा जंपर (जोडतार) सैल झाला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जणू सीरिजमध्ये जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या फेजवर लोड जास्त, तिथे व्होल्टेज कमी. ज्या फेजवर लोड कमी, तिथे ३०० किंवा त्याहून जास्त. शेजाऱ्यांकडे त्याच वेळी दिवे मंद झाले होते का, हे विचारा. 'हो' म्हणाले तर शंका फिटली. एलईडी दिव्यांवर हे लवकर कळत नाही, त्यांच्या आत व्होल्टेजचा चढ-उतार सांभाळणारा ड्रायव्हर असतो. तुमच्या देवघरातल्या जुन्या बल्बने मात्र साक्ष दिली.

फ्रिज वाचला कारण स्टॅबिलायझरमध्ये हाय कट असतो, ठरलेल्या मर्यादेवर व्होल्टेज गेलं की तो पुरवठा तोडतो. काँप्युटरला तसं काही नव्हतं. एमसीबी (मेनजवळचा आपोआप पडणारा स्विच) का पडला नाही, असं पुष्कळ जण विचारतात. एमसीबी जास्त करंटवर आणि शॉर्टसर्किटवर पडतो, व्होल्टेज त्याला दिसतच नाही.

तेव्हा पहिलं काम काँप्युटरचं नाहीच. वायरमनला बोलावून मीटरपाशी आणि मेन स्विचमध्ये न्यूट्रल घट्ट आहे का ते बघून घ्या, खांबावरचा दोष असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा. मग ज्या सॉकेटवर काँप्युटर लागतो तिथे मल्टिमीटरने तीन मापं घ्या, मीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून. मीटर हाताळायची सवय नसेल तर ही मापंही वायरमनलाच घेऊ द्या. फेज ते न्यूट्रल साधारण २१५ ते २४५ च्या दरम्यान यायला हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. घरातली गिझर-इस्त्रीसारखी मोठी वस्तू चालू करून पुन्हा मोजा. व्होल्टेज वीस-तीसने हललं तर कुठेतरी जोड सैल आहे. फेज ते अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. कॅबिनेटला हात लागला की झिणझिणतं अशी तक्रार जिथे असते तिथे बहुधा हेच निघतं. एसएमपीएसच्या, म्हणजे काँप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडीवर निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतं. करंट किरकोळ असतो, पण तो जायला जागा नाही हे त्यातून कळतं.

हे झाल्याशिवाय पुढचं काही नवं आणून लावू नका.

आता काँप्युटर. पिन भिंतीतून पूर्ण काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कितीतरी घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं आणि स्विच न्यूट्रल तोडतो, फेज आतपर्यंत येतच राहतो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतो, पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) वाल्यात त्याहूनही जास्त, आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. बाहेरून वास घ्या, जाळीतून टॉर्च मारून बघा. तेवढं पुरे.

तुमच्या काँप्युटरचा पंखा अर्धा फेरा हलतो, हे लक्षण मला आशेचं वाटतं. एसएमपीएसचा फ्यूज उडाला असता तर काहीच हललं नसतं. २३० व्होल्टच्या यंत्रात साधारण २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर बसवतात. व्होल्टेज त्यापुढे गेलं की तो स्वतः करंट ओढतो, जळतो आणि फ्यूज उडवतो, म्हणजे मरून बाकीच्यांना वाचवतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये त्याची जागा पुष्कळदा रिकामी असते, वर स्टिकर ४५० वॉटचं असलं तरी. तुमच्याकडे फ्यूज शाबूत आहे, स्टँडबाय भाग (काँप्युटर बंद असतानाही चालू राहणारा) चालतोय, मदरबोर्ड 'चालू हो' असा निरोपही देतोय. एसएमपीएस उठतो, कुठेतरी शॉर्ट किंवा चुकीचं व्होल्टेज दिसतं आणि स्वतःला बंद करतो. हे त्याचं प्रोटेक्शन आहे. म्हणजे संशयित तीन: एसएमपीएस स्वतः, बोर्ड, किंवा त्याला जोडलेली कुठलीतरी वस्तू. यातली तिसरी शक्यता दुकानात सगळ्यात कमी तपासली जाते.

इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण निम्मी चुकीची निदानं इथेच होतात. प्रोटेक्शनमध्ये गेलेला एसएमपीएस बरेचदा तसाच अडकून राहतो. तुम्ही दोषी वस्तू काढलीत आणि लगेच बटण दाबलंत, तरी तो उठत नाही, आणि तुम्ही समजता की ती वस्तू दोषी नव्हती. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी पिन काढायची, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मगच पिन लावून पुन्हा बघायचं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

सुरुवात बाहेरून करा. लॅनची केबल, प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, मॉनिटरची केबल, स्पीकर, सगळं काढा. फक्त पॉवर केबल राहू द्या. लॅनची केबल मुद्दाम पहिली लिहिली, कारण तुमच्या राउटरचा अडॅप्टर जळालेला आहे. अडॅप्टर मरताना राउटरमधून दणका लॅनच्या तारेने बोर्डापर्यंत गेलेला असू शकतो. गच्च्यांवरून आणि झाडांवरून तांब्याची केबल ओढून नेट देतात तिथे लॅनचा पोर्ट जळणं हे पावसाळ्यातलं नेहमीचं काम आहे. फायबर काचेचा असल्याने वीज वाहून आणत नाही, पण फायबरच्या डब्यापासून काँप्युटरपर्यंतची तार तांब्याचीच असते. काढलेल्या पोर्टात टॉर्च मारून काळं पडलंय का बघा.

बाहेरचं सगळं काढूनही तसंच झालं, तर पिन काढून कॅबिनेटची बाजू उघडा. आत हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्टॅटिक वीज निघून जाते. मग हार्ड डिस्क, एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तोही, सगळ्यांच्या पॉवरच्या वायरी काढा. डेटाच्या वायरी राहिल्या तरी चालतील. वर सांगितल्याप्रमाणे थांबा आणि बटण दाबा.

पंखा आता फिरतच राहिला, तर तुमचा बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही बहुधा जिवंत आहेत आणि शॉर्ट डिस्कमध्ये आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या खालच्या हिरव्या पाटीवर (सर्किट बोर्डावर), पॉवर सॉकेटच्या जवळ, सहसा दोन टीव्हीएस डायोड असतात, एक पाच व्होल्टच्या लाइनवर, एक बारा व्होल्टच्या. व्होल्टेज चढलं की ते शॉर्ट होतात आणि बाकीची पाटी वाचते. मग अख्खा काँप्युटर बंद पडल्यासारखा दिसतो, कारण एसएमपीएसला फक्त शॉर्ट दिसतो. चिप लेव्हलचं काम करणारा माणूस मीटर लावून शॉर्ट झालेला डायोड ओळखतो आणि काढतो. त्यानंतर डिस्क बहुतेक वेळा चालू होते. संरक्षण काढलेलं असल्यामुळे ती कायमची वापरायची नाही, चांगल्या एसएमपीएसवर लावून डेटा कॉपी करायचा आणि डिस्क बाजूला ठेवायची. डायोड चांगले असले आणि मोटरची चिपच जळाली असली तर काम डेटा रिकव्हरीवाल्याकडे जातं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पाटी बदलून बघा, असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. आताच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची खास माहिती पाटीवरच्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप हलवल्याशिवाय नुसती पाटी बदलून उपयोग होत नाही, झाला तर गोंधळच होतो.

आणि ही डिस्क तपासून होईपर्यंत 'चालते का बघू' म्हणून दुसऱ्याच्या काँप्युटरला लावू नका. तुमचे हिशेब बोर्डापेक्षा महाग आहेत, सगळे निर्णय तसेच घ्या.

ड्राइव्ह काढूनही पंखा अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल, तर पुढची पायरी. पुढच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरी बोर्डावरून काढा. रॅम काढा. तरी तसंच असेल, तर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा बारा व्होल्टचा कनेक्टर काढून बघा. तो काढल्यावर पंखा सलग फिरला, तर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात शॉर्ट आहे, म्हणजे बहुधा तिथला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) गेला आहे. हा बोर्डाचा दोष, आणि तुमचा दुकानदार नशिबाने बरोबर ठरला. तो काढूनही थांबत असेल तर एसएमपीएस वेगळा तपासायची वेळ आली.

एसएमपीएस बोर्डापासून पूर्ण सोडवा. चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर असते, तिच्या शेजारची काळी. पिन भिंतीतून काढलेली असताना या दोघींत यू आकाराची तार घाला, एखादा कॅबिनेटचा पंखा लोड म्हणून जोडा, मग पिन लावून चालू करा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर लॅचच्या (प्लग अडकवणाऱ्या खिटीच्या) बाजूच्या रांगेत एक भोक रिकामं असतं, त्यापासून लांबच्या टोकाकडून मोजून चौथी ती. नक्की ओळखता येत नसेल तर तार घालू नका, दुकानातल्या टेस्टरवर लावून घ्या. चालू राहिला तर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळ्या वायरच्या संदर्भात मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. जांभळी वायर स्टँडबायची, बटण न दाबताही पिन लावली की तिच्यावर पाच व्होल्ट हवेत. या जांभळ्या वायरीवर साडेपाच-सहा दिसले तर तो एसएमपीएस तिथेच बाद करा. स्टँडबाय भाग बिघडलेला असला तर तो बोर्डाला बंद अवस्थेतही जास्त व्होल्टेज पाजत राहतो, आणि मग खरोखरच मदरबोर्ड जातो.

रिकामा एसएमपीएस नीट माप दाखवतो म्हणून तो लोडवरही चांगलाच असेल असं मात्र नाही. ओळखीच्या कोणाकडचा चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मिळाला, तर तो लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. वायरी सुट्या होणारा मॉड्युलर प्रकार असेल तर त्याच्या वायरी त्याच्याबरोबरच आणा. एसएमपीएसच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, प्लग बसतो म्हणून जुनी वायर नव्याला लावली की डिस्क गेलीच.

समजा, या सगळ्यातून पंखा फिरायला लागला पण स्क्रीनवर काही येत नाही. आधी मॉनिटरच्या स्वतःच्या पॉवरचा दिवा बघा, तोही भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर लागलेला होता ना. मग एकच रॅम ठेवा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने साफ करून दुसऱ्या खाचेत बसवा. पंखा चालू पण स्क्रीन काळी, या तक्रारीत पुष्कळदा रॅमच असते. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले बारीक दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघा, तिथेच गाडी अडली आहे.

सीमॉस क्लिअर करायचा, म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंग्ज पुसायचा, सल्ला सगळे देतात, बरोबरही आहे. पिन काढून सीआर २०३२ ची बॅटरी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायची, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर नवी टाकायची. पण त्याने बायोसची (काँप्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज मूळ पदावर जातात. मग डिस्कच सापडत नाही असं दिसलं तर घाबरू नका, बूट मोड आणि साटा मोड आधी होते तसे करा. आणि विंडोजवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, हे मोबाइलवरून आधीच बघून ठेवा. त्या वेळी कोणी 'फॉरमॅट मारून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. विंडोज ऑटोमॅटिक रिपेअरमध्येच फिरत राहिलं तरी तेच: आधी डिस्क काढून दुसऱ्या काँप्युटरवर डेटा कॉपी, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) त्यानंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं.

सगळं चालू झालं आणि फक्त लॅन चालत नाही, असं झालं तर नशीब समजा. बायोसमधून तो पोर्ट बंद करा आणि यूएसबीचा लॅन अडॅप्टर वापरा. पण त्याच बोर्डाची चिप काही आठवड्यांनी तापू लागणं, यूएसबी अधूनमधून सुटणं असं दिसलं, तर दणका आतवर गेलाय. अशा बोर्डावर दुकानाचा हिशेब ठेवू नका.

बोर्ड खरंच गेला असेल तर खर्चाचं गणित असं. दहाव्या जनरेशनचा प्रोसेसर एलजीए १२०० सॉकेटचा, त्याला एच४१० किंवा एच५१० सारख्या चिपसेटचा बोर्ड लागतो. बाराव्या जनरेशनपासून सॉकेट बदलला, त्यामुळे त्या जनरेशनचा नवा बोर्ड घेतलात तर त्यावर जुना प्रोसेसर बसणार नाही, प्रोसेसरही नवा लागेल. रॅम डीडीआर फोर आहे, ती बाराव्या जनरेशनच्या डीडीआर फोरवाल्या एच६१० बोर्डावर चालेल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केलीत तर जुना बोर्ड तपासून देणारे भेटतील, पण तिथेच तुमचा प्रोसेसर आणि रॅम लावून, डिस्प्ले बघून घ्या. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नका, आणि ४५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला मिळत असेल तर फुकटच्या डब्याकडे वळू नका. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आय-थ्रीला एवढे वॉट लागत नाहीत. पैसे आतल्या मालासाठी द्यायचे.

पुढच्या पावसाआधी घरात काय करायचं? साधा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस चढ-उतार सांभाळतो आणि फार चढलं की बॅटरीवर जातो, पण त्याच्या आतही मर्यादेपलीकडचे ४०० व्होल्ट घुसले तर तो स्वतः जळतो. म्हणून घराच्या मेन स्विचपाशी ओव्हर आणि अंडर व्होल्टेजला तोडणारं रिले बसवून घ्या. न्यूट्रल सुटल्यावर खरा उपयोग त्याचाच आहे. सर्ज प्रोटेक्टर हा वेगळा प्रकार, तो क्षणभराच्या दणक्यासाठी आहे. मिनिटभर चढलेल्या व्होल्टेजपुढे तो जळून जातो, आणि अर्थिंग नसेल तर दणक्यालाही नीट उपयोगी पडत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नॉर्मल मोडमध्ये तो बरंच कमी-जास्त व्होल्टेज तसंच पुढे सोडतो.

ढग गडगडायला लागले की काँप्युटरची पिन आणि लॅनची केबल, दोन्ही काढा. नुसती पिन काढून लॅन तशीच ठेवणारे अनेक जण माझ्याकडे येतात.

ड्राइव्हच्या वायरी काढल्यावर पंखा थांबला की फिरत राहिला, आणि जांभळ्या वायरीवर किती व्होल्ट आले, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.